होयबांचा दात आणि डावीकडची खुर्ची

दवाखान्यात एकट्यानेच जायचं, असं होयबांनी ठरवलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

खालच्या मजल्यावर राहणारी त्यांची थोरली बहीण, ताई, म्हणत होती, "अरे, मी येते बरोबर. ऑपरेशन आहे, केस कापायला नाही चाललास." पण होयबा म्हणाले, "दाताच्या एवढ्याशा स्क्रूसाठी दोन माणसं कशाला?" (तो एवढासा स्क्रू जबड्याच्या हाडात पिळून बसवतात, हे त्यांना माहीत नव्हतं. असतं, तर ताईच काय, अख्खी बिल्डिंग बरोबर नेली असती.)

होयबा हे अर्थात खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात साहेब काहीही बोलले तरी हे मान हलवत, म्हणून पडलेलं. घरीही तेच. बायको बोलायची, हे मान हलवायचे. आणि डॉक्टरकडे गेलं की कामाची वाटणी ठरलेली: दुखणं यांचं, ऐकणं तिचं. ती डावीकडच्या खुर्चीत बसायची. डॉक्टर बोलत असताना हे कॅलेंडरवरचं चित्र बघत मान हलवायचे, औषधांची पिशवी हातात आली की न बघता डावीकडे द्यायचे आणि उठायचे. काय गिळायचं, काय चोळायचं, ते मग ती घरी सांगायची. अख्खा संसार असा बिनतक्रार झाला.

मागच्या वर्षी ती गेली. पुढचा दात त्याच्याही आधी गेला होता. "फोटोत तोंड मिटून बसता, लोकांना वाटेल मी बोलूच देत नाही. दात बसवून घ्या हो," असं तिने हॉस्पिटलच्या कॉटवरूनसुद्धा सांगितलं होतं आणि यांनी मान हलवली होती. जन्मभर उगाच हलवलेली मान, त्यातली ही एक तरी खरी करायची, एवढंच आता होयबांना हवं होतं. ती गेली तेव्हा ते रडले नाहीत, नंतरही नाहीत. ताई रोज संध्याकाळी येऊन म्हणायची, "रड रे एकदा मोकळेपणी." हे मान हलवायचे आणि चहा टाकायचे.

ऑपरेशन उत्तम झालं. तोंडात गॉजची घडी दाबून त्यांना बाहेर बसवलं आणि दवाखान्यातली मुलगी पुढची काळजी समजावू लागली. होयबा समोरच्या काचेच्या पेटीतले मासे बघत मान हलवत होते. पिशवी हातात आली. त्यांनी ती डावीकडे दिली, कुणीतरी ती घेतलीही, आणि हे उठून चालू लागले.

घरी आल्यावर भूल उतरायला लागली. "गोळ्या कुठे ठेवल्यास गं?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, जीभ गॉजला लागली आणि मग लक्षात आलं. घरात कुणी नव्हतं. पिशवी नव्हती. दवाखान्यातलं म्हणाल तर 'बर्फ' हा एकच शब्द आठवत होता. गॉज ठेवायचा की काढायचा, कोण जाणे. फोन करावा तर तोंड भरलेलं. शिवाय ती मुलगी म्हणणार, "अहो, तुम्ही तर मान हलवत होतात!"

आता हा स्क्रू निसटला तर बायकोला काय सांगायचं, या काळजीने होयबा घाबरेघुबरे झाले. त्यांनी कपाटातून तिचा रुमाल काढला, त्यात बर्फ बांधला आणि गालाला लावून बसले. बर्फच तो, वितळला. पाणी गालावरून गळ्यात, गळ्यातून शर्टात उतरलं.

नेमकी तेव्हा ताई आली.

"अगं बाई! आलं का रे शेवटी रडू?"

"अं हं!"

"येऊ दे, येऊ दे. अडवू नकोस."

"अं हं! अं हं!"

"हा तिचाच रुमाल ना?"

होयबांनी मान हलवली. (होताच तिचा. खोटं कसं सांगणार?)

झालं! ताईने जो गळा काढला, तो ऐकून समोरचे वकील बायकोने केलेली वाफाळती कॉफी तशीच हातात घेऊन धावत आले. "घ्या, दोन घोट घ्या, बरं वाटेल," असं म्हणत त्यांनी कप होयबांच्या ओठांपर्यंत नेला. नाही म्हणायची सवय नसलेल्या माणसाने काय करावं? होयबांनी गॉज काढायला बोट घातलं.

"कप खाली!"

दारात एक बाई उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी, हातात औषधांची पिशवी, तोंड एका बाजूने बधिर. कुठल्याशा शाळेत पीटी शिकवणाऱ्या या बाई दाढेच्या कामासाठी दवाखान्यात बसल्या होत्या.

"यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि निघाले!" त्या अर्ध्या तोंडाने म्हणाल्या. "ती मुलगी मला म्हणते, मिसेस ना तुम्ही? नीट ऐकून घ्या. मी नाही म्हणतेय, पण भूल दिलेली, शब्द फुटेना. सगळं ऐकून घ्यावं लागलं. मग तिच्याकडूनच पत्ता घेतला. गॉज काढा! केव्हाच काढायचा होता. आज गरम काही नाही. स्ट्रॉ नाही. थुंकायचं नाही, जीभ लावायची नाही. झोपताना उशी उंच. आणि दात इतक्यात नाही बसायचा. आधी हाडाने स्क्रू धरायला हवा, त्याला काही महिने जातील."

"पण पिशवी यांना का दिलीस रे?" ताईने विचारलं.

होयबांनी गॉज काढला.

"ती डावीकडे बसायची गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. साधंसुधं नव्हे. वर्षभराचं साठलेलं, खांदे गदगदा हलवणारं. वकिलांना कुठे बघावं कळेना, म्हणून गार होत चाललेली कॉफी त्यांनी स्वतःच पिऊन टाकली.

ताई मात्र ताडकन उठली. "अरे मेल्या, रडू नकोस! टाके तुटतील!"

"रडण्याबद्दल काही सांगितलं नाही त्यांनी," पीटीच्या बाई म्हणाल्या आणि होयबांच्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या.

ताईने तडक दवाखान्यात फोन लावला, "डॉक्टर, हा रडतोय, चालेल का?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत फोन होयबांच्या कानाला लावला. "तूच ऐक. तुझा दात आहे."

डॉक्टर भले गृहस्थ. ते सावकाश, समजावून बोलत होते. होयबा हुंदके देत मान हलवत होते. बऱ्याच वेळाने पलीकडून दोनदा "हॅलो? हॅलो?" ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

होयबांनी सवयीने डावीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" पीटीच्या बाई म्हणाल्या. "या वेळी मी ऐकलेलं नाही."