मास्तरांच्या पोटातलं गुपित

चूक आणि मी? शक्यच नाही! वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे. डॉक्टरांचं अक्षर, म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून लंगडत गेल्यासारखं, तेही मी चष्म्याशिवाय वाचतो. त्यामुळे समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता आपले कॉम्प्युटर जोडू. पेशंटची परवानगी असेल, तर मी लिहिलेली औषधं थेट तुमच्या पडद्यावर दिसतील," तेव्हा मी छाती फुगवली. "बिनधास्त जोडा! हा तर माझ्या हातचा मळ!"

पहिल्याच सकाळी बँडमास्तर आले. वय चौऱ्याहत्तर, ब्लडप्रेशरचे जुने पेशंट. माणूस खोकला तरी तालात खोकतो! मी त्यांनी सांगितलेला मोबाईल नंबर टाकला, तर पडद्यावर प्रश्न आला: ‘या नंबरवर दोन नोंदी आहेत. व्यक्ती एकच आहे का?’

आता माणूस समोर उभा, तोही एकटा! मी ‘हो’ दाबलं.

कालची यादी उघडली. लोहाच्या गोळ्या, फॉलिक ॲसिड, मळमळीची गोळी. ब्लडप्रेशरच्या गोळीचा पत्ता नाही! खाली सूचना: ‘जड उचलू नये. विश्रांती घ्यावी. सोनोग्राफी पंधरा दिवसांनी पुन्हा.’

म्हणजे काहीतरी मोठंच दुखणं!

"मास्तर," मी आवाज मऊ करून म्हणालो, "गोळ्या बदलल्यात. आणि आता जरा दमानं घ्या. काही उचलू नका."

"का? मला काय झालंय?"

"तसं काही नाही हो. पोटात... म्हणजे पोटाची सोनोग्राफी पुन्हा करायचीय. बाई सांगतीलच."

मास्तर पिशवी घेऊन निघून गेले. खोकलेसुद्धा नाहीत!

अर्ध्या तासात त्यांची बायको धावत आली. पायात एक चप्पल स्वतःची, एक मास्तरांची. "भाऊ, खरं सांगा! हे घरी येऊन पलंगावर आडवे झालेत. म्हणाले, माझा कर्णा विकू नकोस, कुणा शिकणाऱ्याला दे! किती दिवस आहेत हो यांच्याकडे?"

काकूंना पदरात तोंड खुपसून रडताना पाहून माझे डोळे भरून आले. गिऱ्हाइकं बघायला लागली, म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवलं. तेवढ्यात त्यांची सून आली, हातात तीच पिशवी. मागोमाग मास्तर, भिंत धरून चालत. सुनेचा चेहरा पांढराफटक.

"काका, या गोळ्या बाबांना कुणी दिल्या?"

"डॉक्टरबाईंनी! पडद्यावर आहे ना!"

"दवाखान्यात बाबांचा नंबर माझ्या मोबाईलवरूनच लावते मी," ती पुटपुटली. "या... या माझ्या गोळ्या आहेत."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी गरोदर ठरवलं होतं!

मी चटकन म्हणालो, "मास्तर, चूक माझी. ती यादी तुमची नाहीच. तुम्ही ठणठणीत आहात!"

"समजूत काढू नका," मास्तर म्हणाले. "मी रडणार नाही. खरं सांगा."

पुढे बोलायचा मला अधिकार नव्हता. सुनेनं सासूकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. एक मोठा श्वास घेतला.

"बाबा, सोनोग्राफी माझी आहे. तिसरा महिना संपलाय. मागे दोनदा... म्हणून यावेळी आम्ही दोघांनी कुणालाच सांगितलं नव्हतं."

काकू उठल्या आणि त्यांनी सुनेला कुशीत घेतलं. मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं. रडणार नाही म्हणालेला माणूस हमसून हमसून रडला!

मी फोन करताच डॉक्टरबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी आधी मास्तरांचं प्रेशर मोजलं. चांगलंच चढलेलं! त्यांची नेहमीची गोळी त्याच पडद्यावर, जरा खाली होती. मी तिथवर गेलोच नव्हतो.

"यंत्रानं तुम्हाला विचारलं नाही?" बाई म्हणाल्या.

"विचारलं."

"मग?"

"मी हो म्हणालो."

बाईंनी दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. मी सुनेपुढे हात जोडले. "पोरी, तुझं गुपित माझ्यामुळे फुटलं. माझं चुकलं."

"चुकलंच काका," ती म्हणाली. मग नाक पुसत हसली. "पण तीन महिने आम्ही दोघंच घाबरत होतो. आता चौघं मिळून घाबरू."

घरी जाताना मी ठरवलं, यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नाही. रोज माझ्या फुशारक्या ऐकणाऱ्या बायकोनं पाणी देत विचारलं, "काय, आज दुकानात काही विशेष?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिनं तांब्या खाली ठेवला आणि घाबरून माझ्या कपाळाला हात लावला. "अहो, ताप आलाय का?"