उन्हात विझणारा दिवा

"बटनच नाही!" रहेमान मिस्त्री छाती पुढं काढून सांगायचा. "लावाचं नाही, बंद कराचं नाही. ऊन पडलं की प्लेट बॅटरी भरते. अंधार पडला की दिवा आपोआप लागते. अन् बॅटरी रिकामी होत आली की पेटी आपोआप दिवा तोडते, बॅटरीले मरू देत नाही. माणसानं फक्त झोपाचं!"

मिस्त्रीचं महागावात बसस्टँडच्या मागं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळलेले पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. कापसानं आणि दुष्काळानं त्या वर्षांत सगळ्यांचेच हाल केले होते. विहिरींना पाणी नाही, तारांना वीज नाही, मग मोटार जळेल कुठून? आणि मोटार जळल्याशिवाय मिस्त्रीच्या घरी चूल कशी पेटेल? दोन वर्षं दुकानात नुसत्या माशा मारून झाल्यावर त्यानं ही पेटी बनवली. सोलरची प्लेट, बॅटरी आणि दिवा यांच्या मध्ये बसून तिघांना शिस्तीत वागवणारी पेटी! शेजारच्या टाकळी गावात हापशीजवळ बुटक्या खांबावर एक दिवा नमुना म्हणून उभा राहिला. यवतमाळच्या सरकारी कार्यालयातून साहेब येऊन बघणार, आणि पास केला तर वीस गावांचे वीस दिवे मिस्त्रीला.

"अन् नापास केला तं?" बायकोनं, फरीदानं विचारलं होतं.

"नापास कायले करतीन?"

"फिजाचे अब्बा, साफ ऐका. नापास झाला तं आपून सुरतले. माझ्या भावानं तुमच्यासाठी वॉचमनची जागा बोलून ठेवली हाय. मंग पेटी-बिटी काही सांगाची नाही!"

सुरत म्हटलं की मिस्त्री विषयच बदलायचा. हा माणूस उमरखेडला सासुरवाडीत मुक्काम पडला तरी रात्रभर तळमळणारा. तो काय सुरतेत राहतो!

म्हणून उद्घाटनाच्या दिवशी तो सकाळी दहालाच टाकळीत हजर झाला. हापशीजवळ मांडव होता, खुर्च्या होत्या, रांगोळी होती. आणि खांबावर भरदिवसा दिवा लखलख पेटलेला होता.

मिस्त्रीनं सायकल तशीच आडवी टाकली.

"धर्मपाल! अबे, हा दिवा काहून लागला?"

धर्मपाल म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई आणि मिस्त्रीचा जुना दोस्त. तो हसतच पुढं आला. "जय भीम, मिस्त्री! पाहा ना, कसा मस्त जळून राह्यला! सोमवारपासून विझलाच नाही गड्या."

मिस्त्रीनं वर पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. प्लेटला मांडववाल्याचा लालभडक मखमली पडदा गुंडाळला होता. वर झेंडूची माळ, खाली ओढायला सोनेरी दोरी.

"हे कोणाचं डोकं?"

"सरपंचाचं. अनावरण नको का? साहेब सोमवारी येणार होते, त्याईनं तारीख बुधवारवर ढकलली. पडदा तसाच राहू दिला."

"अरे बाप्पा! पडदा टाकला की पेटीले वाटते रात्र झाली! दोन दिवस दोन रात्री तिची रात्रच चालू हाय!"

तो पेटीकडं धावला. पेटीवरचा बारका लाल दिवा लुकलुकत होता. त्याचा अर्थ अख्ख्या गावात एकट्या मिस्त्रीला कळत होता. बॅटरी तळाला गेली. फार तर अर्धा तास. मग पेटी दिवा तोडणार, आणि चांगलं दिवसभर ऊन खाल्ल्याशिवाय पुन्हा जोडणार नाही. तशीच बनवली होती ना त्यानं! हुशारी अंगाशी आली ती अशी.

तो दोरी ओढणार तेवढ्यात सरपंच किसनरावांनी त्याचा हात धरला.

"मिस्त्री, येड लागलं का? साहेबाच्या हातानं उघडाचा पडदा तुम्ही कसा उघडता?"

"किसनभाऊ, बॅटरी मरून राह्यली!"

"दिवा तं लागून हाय! अजून काय पाह्यजे तुम्हाले?"

"अन् साहेबानं पडदा ओढला की तो विझन!"

"शुभ बोला जरा!" किसनराव खेकसले. तेवढ्यात जीप आली.

झालं ना राजेहो! मिस्त्री कात्रीत सापडला. पडदा राहिला तर अर्ध्या तासात दिवा विझणार. पडदा काढला तर त्याच क्षणी विझणार. निदान साहेबांनी लवकर ओढावा, बॅटरीत चार थेंब असेपर्यंत ओढावा, म्हणजे पुन्हा झाकून दाखवता तरी येईल, एवढीच एक आशा होती.

साहेब बारीक चणीचे, गंभीर, हातात डायरी. त्यांनी पेटलेल्या दिव्याकडं पाहून मान डोलावली. मिस्त्रीला वाटलं, आता ओढतील. पण आधी हार झाले. मग नारळ झाला. मग शाळेच्या पोरींचं स्वागतगीत झालं, त्याची सात कडवी! आणि मग किसनरावांनी माईक धरला.

किसनरावांनी माईक धरला की गावातले लोक बसल्या जागी मांडी बदलून घेतात.

"अंधारातून उजेडाकडे..." त्यांनी सुरुवात केली ती थेट पूर्वजांच्या चिमणीपासून. चिमणीवरून कंदील आला, कंदिलावरून पेट्रोमॅक्स आला. मिस्त्रीचे डोळे लाल दिव्यावर होते. तो आता भराभरा लुकलुकायला लागला होता. मिस्त्रीच्या कानशिलावरून घामाची धार लागली. त्यानं हातवारे केले. किसनरावांना वाटलं हा टाळ्या वाजवायला सांगतो आहे, ते आणखी रंगात आले. शेवटी त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर दोन ओळी खरडल्या आणि धर्मपालच्या हातात कोंबल्या.

"दे नेऊन! पळ!"

आता, टाकळीच्या स्टेजवर चिठ्ठी आली की ती बक्षिसाची असते नाहीतर हरवलेल्या पोराची, आणि ती वाचून न बघता माईकवर म्हणायची असते. किसनरावांनी भाषण थांबवलं, चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचली:

"आत्ताच एक चिठ्ठी आलेली आहे, मंडळी! रहेमान मिस्त्री, महागाव, यांच्याकडून... 'भाषण आटपा, दिवा मरून राह्यला'!"

मांडवात हशा उसळला. साहेब खुर्चीतून उठले.

"मरतो म्हणजे? द्या ती दोरी!"

त्यांनी दोरी ओढली. पडदा सळसळत खाली आला. कडक ऊन प्लेटवर पडलं आणि दिवा गेला.

पुढच्या रांगेत बसलेल्या तुळसाबाई, धर्मपालच्या आई, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माय वं! हात लावला अन् गेला!"

साहेबांचा चेहरा पडला. मिस्त्री धावत पुढं आला.

"साहेब, हेच बरोबर हाय! ऊन पडलं की तो विझालेच पाह्यजे!"

"म्हणजे? उन्हावर चालणारा दिवा उन्हात विझतो?"

"उन्हात दिवा कायले पाह्यजे, साहेब?"

पुन्हा हशा! साहेबांना वाटलं हा आपलीच टर उडवतो आहे. त्यांनी डायरी उघडली, पेनचं टोपण काढलं. मिस्त्रीला त्या पेनच्या टोकावर सुरत स्टेशन दिसायला लागलं.

तेवढ्यात किसनराव पेटून उठले. गावाची अब्रू जाते म्हणजे काय! त्यांनी टेबलावर चढून पडदा परत प्लेटवर फेकला. लख्ख! दिवा लागला. टाळ्या!

"पाह्यलं, साहेब? लागते!"

"काढा तो पडदा!" मिस्त्री ओरडला. "बॅटरीले ऊन लागू द्या!" त्यानं ओढला. दिवा गेला.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे हाय, मिस्त्री?" किसनरावांनी परत टाकला. दिवा आला.

मिस्त्रीनं पडद्याचं एक टोक धरलं, किसनरावांनी दुसरं. दोघे टेबलावर, खाली गाव, आणि वर दिवा लागतोय, विझतोय. आता साहेबांनाच चेव आला. पेन खिशात गेलं. "थांबा, मी टाकतो!" म्हणत ते बाह्या सारून पुढं आले. टाकला, लागला. काढला, विझला. गंभीर माणूस लहान पोरासारखा हसायला लागला! मिस्त्रीच्याही जिवात जीव आला. साहेबांना यंत्र कळलं!

"आणखी एकदा!" साहेब म्हणाले.

मिस्त्रीनं पेटीकडं पाहिलं. लाल दिवा लुकलुकायचा थांबला होता. तो आता एकसारखा, स्थिर जळत होता.

"नको साहेब! आता नको!"

साहेबांनी पडदा टाकला. दिवा लागला नाही. त्यांनी पडदा नीट केला, कोपरे ओढले, खालून फुंकर मारली. नाही लागला.

"आता काय झालं?"

मिस्त्रीला रडू आवरेना. "पेटीनं तोडला साहेब. बॅटरी रिकामी झाली. तिले वाचवाले तोडला. आता दिवसभर ऊन द्या, संध्याकाळी पाहा कसा लागते तं! पाया पडतो, दिवस बुडेपर्यंत थांबा फक्त."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला पावणेसहाच्या आत कार्यालयात सही करायची असते." त्यांनी डायरीत बरंच काही लिहिलं, ती मिटली, आणि जीप गेली.

उरलेल्या दिवसाचं ऊन पुरलं नाही, त्या संध्याकाळी दिवा लागला नाही, पण दुसऱ्या दिवसाचं ऊन खाऊन अंधार पडता पडता तो बरोब्बर लागला. तुळसाबाईंनी त्याला हात जोडले. बघायला साहेब मात्र नव्हते.

पंधरा दिवस मिस्त्रीला अन्न गोड लागलं नाही. फरीदानं सुरतेचा फोन दोनदा केला. सोळाव्या दिवशी पाकीट आलं. मिस्त्रीनं ते फोडलं आणि दुकानातच उडी मारली.

"पास! वीसच्या वीस दिवे पास! सुरत गेली चुलीत!"

फरीदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "या अल्ला! खरं म्हणता? वाचा, वाचा, पूर्ण वाचा!"

मिस्त्री मोठ्यानं वाचायला लागला. "यंत्र उपयुक्त आढळले. तथापि, तपासणीच्या वेळी दिवा उन्हात विझत असल्याने अधिकाऱ्यांची अडचण होते. सबब पेटीत बदल करून दिवा कार्यालयीन वेळेत, म्हणजे सकाळी दहा ते सायंकाळी पावणेसहा, पेटता राहील असे करावे..."

त्याचा आवाज खाली खाली गेला.

"अन् रात्री?" फरीदानं विचारलं.

मिस्त्रीनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. पाकिटात फुंकर मारून आतही पाहिलं.

"रात्रीचं," तो कान खाजवत म्हणाला, "काही लिहून नाही."