पगारवाढीचा फटका

चारुदत्त काकांनी पगार वाढवल्याचं सांगितलं आणि वीणाच्या तव्यावरची पोळी करपली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्यांच्या पोळीभाजीच्या दुकानात लागल्यापासून तिच्या हातून करपलेली ही पहिलीच पोळी. काकांना वाटलं, पोरगी आनंदाने भांबावली. त्यांनी स्वतःच उलथन्याने पोळी खाली उतरवली.

वीणा भांबावली होती खरी, पण आनंदाने नव्हे. नवऱ्याशी फारकत झाल्यापासून तिचा आणि पाच वर्षांच्या रुहीचा संसार सरकारी मदतीच्या टेकूवर उभा होता. रुहीला दमा. तिचे डॉक्टर, औषधं, पंप, सगळं सरकारी विम्यावर. आईची कमाई ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो विमा बंद. पाळणाघराची फीही सरकारच भरायचं, पण त्यासाठी आईने आठवड्याला निदान पंचवीस तास काम केलं पाहिजे. थोडक्यात, जास्त कमवायचं नाही आणि कमी राबायचं नाही. हे गणित वीणाने मोठ्या मुश्किलीने जुळवलं होतं. कुणी धक्का लावला नाही, तर टिकणारं होतं. काकांनी धक्का लावला, तोही प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी तिने तास थोडे कमी करून मागितले. कारण विचारल्यावर रुहीबद्दल काहीतरी पुटपुटली. खरं सांगायला जीभ रेटेना. दुकानात गावातल्या सगळ्या मराठी मंडळाचा राबता. आज काकांच्या कानावर घातलं तर रविवारपर्यंत निम्म्या ह्यूस्टनला कळेल, अशी तिची खात्री होती. आणि काकांच्या बाबतीत ती अगदीच चुकीची नव्हती.

काकांनी तास कमी केले, पण घरी जाऊन ज्ञानदा काकूंना म्हणाले, "पगार वाढवला तर ही तास कमी मागते. म्हणजे हिला दुसरीकडून ऑफर आलीय."

"मग तिलाच विचारा ना," काकू म्हणाल्या.

विचारलं आणि ती हो म्हणाली तर, या धास्तीने काकांनी विचारलं नाही. त्यांनी पगार आणखी वाढवला.

वीणाने तास आणखी कमी केले. पोरगी घासाघिशीत पक्की आहे, असं मनाशी म्हणत काकांनी तिसरी वाढ दिली. वीणा सव्वीस तासांवर आली. आता आणखी एक वाढ झाली की एक तर पाळणाघर जाणार, नाहीतर विमा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये काका मायेने ढकलतायत.

तिच्या सुटलेल्या वेळात काका स्वतः पोळपाटाशी उभे राहू लागले. त्यांच्या पोळ्या पाहून गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करत. त्यावर काका प्रत्येकाला गाऱ्हाणं सांगत, की काय करणार, आमच्या वीणाला कुणीतरी पळवतंय. इंजिनियर मंडळींना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, एका मोठ्या हॉस्पिटलचं किचन चालवणाऱ्या सुलेखालाही सांगितलं. सगळ्यांनी हळहळून पोळ्या मात्र मोजक्याच नेल्या.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. काकांनी वीणाला बसवून घेतलं आणि चौथी वाढ जाहीर केली. वर म्हणाले, "आता तरी खूश?"

वीणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, पाया पडते, माझा पगार कमी करा."

इतक्या वर्षांच्या धंद्यात हे वाक्य काकांनी कधी ऐकलं नव्हतं. ते कणकेच्या पोत्यावरच बसले. मग वीणाने सगळं सांगून टाकलं. रुहीचा दमा, विमा, पाळणाघर, आणि मंडळात बोभाटा होईल ही भीती. शेवटी गल्ल्यावर बसलेल्या काकूंनीच निकाल दिला. पहिला पगार, पहिले तास, आणि यातलं अवाक्षर दुकानाबाहेर गेलं तर काकांनी गाठ काकूंशी आहे हे समजावं.

वीणाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पोळ्या पुन्हा टम्म फुगू लागल्या, गिऱ्हाईक सुखावलं, काका तर शीळ घालत डबे भरू लागले.

आठवड्याभराने वीणा ॲप्रन काढून काकांसमोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला वाटत होतं ना, मला दुसरी ऑफर आहे. तेव्हा खरंच नव्हती."

"माहीत आहे गं. सांगितलंस की."

"आता आहे."

सुलेखा येऊन गेली होती. हॉस्पिटलच्या किचनमध्ये पूर्णवेळ नोकरी, तिथलाच विमा, त्यात रुहीही बसणार आणि पाळणाघराची फी भरूनही चार पैसे उरणार. मर्यादेचं भूत एकदाचं मानगुटीवरून उतरणार होतं. वीणाला हसावं की रडावं कळत नव्हतं. सुलेखा म्हणाली होती, तू सोडून जाणारेस असं कळलं, म्हटलं दुसऱ्या कुणी न्यायच्या आत आपणच विचारावं.

काका उसळून म्हणाले, "पण तू सोडणारेस असं तिला सांगितलं कुणी?"

काकूंनी पोळपाट उचलला आणि काकांपुढे ठेवला.

"लाटा," त्या म्हणाल्या.