कापलेला देश

सकाळी नकाशाबाईंनी संग्रहालयाच्या मोठ्या दालनाचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. जमिनीवर अंथरलेला खंड पूर्वेकडून आखूड दिसत होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खंड आखूडच होता. पूर्वटोकाचा अख्खा देश, राजधानी आणि नदीसकट, गायब झाला होता. आणि त्याच देशाच्या राजदूतबाई तासाभरात प्रदर्शनाचं उद्घाटन करायला येणार होत्या.

नकाशाबाई हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. वर्षानुवर्षं हंगामी नोकरीत जुने नकाशे झटकता झटकता ते चिकटलं. आता कुठे संचालकसाहेबांनी शब्द दिला होता, "हे प्रदर्शन नीट पार पडू दे, दुपारी तुमच्या कायम नेमणुकीवर सही करतो." नवऱ्याला एवढंही पुरलं. त्याने बायको कायम झाली असं आपल्या आईला सांगूनही टाकलं, आणि त्या माउलीने ते साऱ्या बिल्डिंगला कळवलं. म्हणजे मागे फिरायची वाटच बंद.

प्रदर्शनाचं नाव होतं 'आपण सारे एका खंडाचे'. भिंतींवर शतकाशतकांची चित्रं. एका शतकात आपला देव मानणारे तेवढे आपले. पुढे ज्यांच्या बंदरात आपली गलबतं लागतात ते आपले. मग कोणा चित्रकाराने खंडाला राणीच करून टाकलं. तिच्या डोक्याच्या जागी स्वतःचं राज्य रंगवलं आणि शेजाऱ्यांना पायाशी बसवलं. त्यानंतर आपल्यासारखी पुस्तकं वाचणारे, आपल्यासारखा कोट घालणारे ते आपले. दर वेळी खंडाची पूर्वेची हद्द वेगळ्याच नदीवर. बिचारा पूर्वटोकाचा देश लढाईला माणसं हवी असली की खंडात, लढाई संपली की बाहेर! या सगळ्याला उत्तर म्हणून नकाशाबाईंनी जमिनीवर आजच्या खंडाचा गालिचा करवून घेतला होता. सगळे देश आत, भोवती निळा समुद्र. प्रत्येक राजदूताने आपापल्या देशावर उभं राहायचं आणि फोटो. कल्पना त्यांची स्वतःची होती आणि त्यांना तिचा भारी अभिमान होता.

"अहो गालिचेवाले!" त्या ओरडल्याच. "हे काय करून ठेवलंत?"

गालिचेवाला कोपऱ्यात हत्यारं आवरत होता. "काय झालं बाई? एक सुरकुती दाखवा, हात कापून देतो."

"सुरकुती गेली खड्ड्यात! इथला देश कुठाय?"

"तो होय?" गालिचेवाल्याने भाषणाच्या मंचाकडे बोट दाखवलं. "मी माप घेतलं तेव्हा हा मंच नव्हता. काल संध्याकाळी साहेबांनी आणून ठेवला. आता गालिचा मंचावर चढवू का? कोणीतरी अडखळून पडेल. मग कापला. कड बघा की, एक धागा निघणार नाही!"

नकाशाबाईंनी कपाळाला हात लावला. दोन वर्षं त्या सांगत होत्या की खंडाच्या हद्दी कुणाच्या तरी सोयीने ठरतात. आता हे शेवटचं शतकही तसंच निघालं.

तेवढ्यात साहेब आले. काय घडलंय ते कळताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. या राजदूतबाई साध्यासुध्या नव्हत्या. मागे एका समारंभात त्यांच्या देशाचा झेंडा मागच्या रांगेत लावला, तर बाई जेवण टाकून निघून गेल्या होत्या.

"त्यांना शेजारच्या देशात उभं करू," साहेब म्हणाले. "थोडं सरकून घेतील."

"साहेब, त्या शेजाऱ्याशी त्यांची तीनदा लढाई झालीय!"

"मग तिथे फुलझाडाची कुंडी ठेवू."

"देशाच्या जागी कुंडी?"

"मग मंच हलवा!"

मंच हलेना. आदल्या दिवशी साहेबांनी स्वतः उभं राहून तो जमिनीत ठोकून घेतला होता, भाषणात डुगडुगायला नको म्हणून. चार माणसं लावली, साहेबांनीही कोट काढून धक्का दिला. मंच जागचा हलला नाही, साहेबांची कंबर तेवढी धरली.

आणि नेमका नकाशाबाईंचा फोन वाजला. सासूबाई.

"अगं, झालीस का कायम? खालच्या मजल्यावरच्या बसल्यात इथे, विचारतायत."

"सासूबाई, नंतर बोलते."

"नंतर म्हणजे? नाही झालीस का?"

नकाशाबाईंनी फोन बंद केला. खरं सांगायचं तर त्यांना रडूच येत होतं. "गालिचेवाले, तो कापलेला तुकडा कुठाय? तोच मंचावर अंथरू. उंचावर का होईना, देश दिसेल तरी!"

हे कोणाला आधी सुचलंच नव्हतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास! आणा, आणा लवकर!"

"आणतो की," गालिचेवाला म्हणाला. "दारात टाकलाय."

"दारात?"

"आमच्या धंद्यात उरलेला तुकडा कधी फेकत नाहीत बाई. मालकाच्या दारात पायपुसणं करून टाकतात. बाहेर रस्ता खणलाय, कसला चिखल आहे! म्हटलं, गालिचा तरी वाचेल."

कंबर विसरून साहेब पळाले. त्यांच्यामागे नकाशाबाई, त्यांच्यामागे गालिचेवाला. पण सगळे दाराशी पोचले तेव्हा गाड्या येऊन थांबल्या होत्या. पश्चिमेच्या बड्या देशाचे राजदूत पूर्वटोकाच्या राजधानीवर बूट घासत होते. आधी उजवा, मग डावा, सावकाश. आणि त्यांच्या मागेच राजदूतबाई आपली पाळी येण्याची वाट बघत उभ्या होत्या.

त्या पुढे आल्या. पाय उचलला, आणि तसाच अधांतरी ठेवला.

"ही आमची नदी ना?"

साहेबांची बोबडी वळली होती. पण खापर फोडण्यापुरता आवाज त्यांना सापडला. नकाशाबाईंकडे हात करून ते म्हणाले, "हिची कल्पना! सगळं हिचंच. मला काहीएक माहीत नाही."

आता लपवायचं काय? गेली नोकरी तर गेली. नकाशाबाई म्हणाल्या, "बाई, तुमचा देश कापला गेला. मंच आड येत होता."

"कोणाचा मंच?"

"साहेबांचा. भाषणासाठी."

राजदूतबाईंनी खाली वाकून देशाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग तशाच, चिखलाचे बूट काढून हातात घेऊन, आत गेल्या. एकेका शतकापुढे थांबल्या. राणीच्या चित्रापुढे तर नाकच मुरडलं. फिरून परत दारात आल्या आणि अनवाणी पायांनी आपल्या देशावर उभ्या राहिल्या.

"आमच्या आड नेहमी कोणाचा ना कोणाचा मंच येतो," त्या म्हणाल्या. "आम्ही आतले की बाहेरचे, यावर तुमची शतकं गेली. आता आत जायचं तर प्रत्येकाला आधी आमच्याकडे यावं लागेल. मी इथूनच उद्घाटन करते. फोटो काढायचा असेल तर सगळ्यांनी इथे या."

आणि आले सगळे! टाळ्या पडल्या, कॅमेरे चमकले. आत दालनात उरलेला खंड रिकामा पडला. टाळ्या ऐकून साहेब खाकरले. "तशी मूळ कल्पना माझीच बरं का..."

"मघाशी तुम्ही हिची म्हणालात," राजदूतबाई म्हणाल्या. "सगळं हिचंच. मी ऐकलंय."

दुपारी साहेबांनी सही केली. तोंड कारल्यासारखं करून केली, पण केली. नकाशाबाई कायम झाल्या.

संध्याकाळपर्यंत तक्रारी सुरू झाल्या. पश्चिमेच्या बड्या देशाच्या राजदूतांनी विचारलं, पूर्वटोकाला दर्शनी दार आणि आम्हाला आत भिंतीकडे, हा काय न्याय? मग दुसऱ्यांनी विचारलं, मग तिसऱ्यांनी. साहेबांनी हात वर केले. "बाई, आता तुम्ही कायम आहात. तुमचं तुम्ही निस्तरा."

दुसऱ्या दिवशी गालिचेवाला पुन्हा सुरी घेऊन आला. 'आपण सारे एका खंडाचे' या पाटीखाली बसून त्याने खंडाचे सुबक तुकडे केले, आणि ते दालनाच्या, जिन्याच्या, ग्रंथालयाच्या, उपाहारगृहाच्या दारांत नेऊन टाकले. देश इतिहासात पहिल्यांदाच एकमताने खूश झाले. फक्त स्वच्छतागृहाच्या दारासाठी एकही राजदूत पुढे येईना.

"इथे कोणाला टाकू बाई?" गालिचेवाल्याने विचारलं.

नकाशाबाईंनी क्षणभर विचार केला आणि कायम झाल्यानंतरचा पहिला निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतला.

"समुद्र टाका," त्या म्हणाल्या.