झिपरूचा जड क्लच

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या वानरांकडे मोटारसायकली होत्या. जंगलात रस्ता नव्हता, पण ते सोडा. रस्ता नाही म्हणून गाडी घ्यायचं कोण थांबलंय?

त्यातल्या झिपरू नावाच्या वानरानं आपली धडधाकट गाडी मॉडिफाय केली. म्हणजे तिच्यात जे जे बरं होतं ते काढून टाकलं. हॅन्डल कानाच्या वर नेलं, सायलेन्सर बोंबलता केला आणि क्लचमध्ये शर्यतीच्या गाडीच्या टणक स्प्रिंगा कोंबल्या. इंजिन मात्र तेच जुनं, दुधाचे कॅन वाहायच्या लायकीचं.

झालं! क्लच दाबवेना. दहादा गिअर बदलला की डाव्या हाताची बोटं मिटेनात. आता वानराचा हात म्हणजे काही मिरवायची वस्तू नव्हे. फांदी सुटली की खाली बिबट्या असतो. झिपरूला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याची चांगलीच तंतरली होती.

तो साळूबाईकडे गेला. ही साळिंदर, वडाखाली गॅरेज चालवायची. तिनं क्लच एकदा दाबून पाहिला आणि झिपरूची अक्कल काढली. हॅन्डल उंच केलं, पण केबल तीच आखूड ठेवलेली. ती ताणून दोन ठिकाणी मुडपली होती, आतून कोरडी ठणठणीत. साळूबाईनं लांब केबल घातली, मोठ्या वळणानं फिरवली, आत तेल सोडलं. इंजिनाकडचा क्लचचा दांडा बोटभर लांब लावला, मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या. सगळं मिळून तासाभराचं काम. क्लच दोन बोटांत दबायला लागला.

झिपरूच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती दिवसांनी त्यानं डाव्या हातानं शेंग सोलून खाल्ली.

गोष्ट इथंच संपायची. पण झिपरूचा क्लब होता ना!

क्लबची रीत अशी, की रविवारी निघण्याआधी सगळ्यांनी एकमेकांचे क्लच दाबून बघायचे. ज्याचा सगळ्यात जड, तो सगळ्यांच्या पुढे. क्लबचे तहहयात अध्यक्ष होते बिबटेसाहेब. त्यांच्याकडे मोटारसायकल नव्हती. तरी जड क्लचवर ते तास तास बोलत. मग एकेका सभासदाचा डावा हात आपल्या पंजात घेऊन तो कितपत सुजलाय ते मायेनं बघत.

त्या रविवारी झिपरूचा क्लच डोमा वानरानं दाबला आणि तो पोट धरून हसत सुटला. मग सगळेच हसले. बिबटेसाहेब हसले नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"हात दुखतो म्हणून गाडी सुधारायची?" ते म्हणाले. "झिपरू, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

झिपरू सगळ्यांच्या मागे, धूळ खात गेला. दुसऱ्या दिवशी तो साळूबाईपुढं हजर. म्हणे, होतं तसं करून दे.

"मेल्या, हात जाईल तुझा," साळूबाई म्हणाली.

"जाऊ दे. मला पुढं राहायचंय."

साळूबाईनं त्याच्या स्प्रिंगा आणि ती मुडपलेली केबल त्याच्या अंगावर फेकली. गाढवानं घरी बसून स्वतःच्या हातानं सगळं परत लावलं.

पुढच्या रविवारी झिपरू सगळ्यांच्या पुढे होता. टाळ्या पडल्या. मुक्कामाला पोचल्यावर तो मोठ्या ऐटीत गाडीवरून उडी मारून फांदीला लोंबकळायला गेला. डावी मूठ मिटलीच नाही. खाली बिबटेसाहेब स्वागताला उभे होते.

शोकसभा लगेच झाली. साहेबांना सुस्ती आली होती, त्यामुळं भाषण थोडक्यात आटोपलं. झिपरूसारखा सभासद पुन्हा मिळणार नाही, असं ते म्हणाले. मग पुढच्या रविवारसाठी क्लच तपासले गेले. डोमाचा सगळ्यात जड निघाला, आणि साहेबांनी त्याचा हात कौतुकानं पंजात घेतला.

तात्पर्य: मुलांनो, क्लच जड लागला तर दोष गाडीत शोधू नये, आपल्या मनगटात शोधावा. अध्यक्षांनाही पोट असतं.