जावईबापूंनी बसवलेली चेन

“मामा, चेन पार गेलीया. घरीच बदलतो की मी!” जावई म्हणाले आणि गणपतरावांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

मुरगूडहून लेकीकडे कोल्हापुरात मुक्कामाला येताना त्यांनी आपली जुनी सायकल टेम्पोत घालून आणली होती. तिच्यावर त्यांचा भारी जीव. पोटच्या पोरांनासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. पण विजयसिंह पडले जावई, त्यात शिरोलीच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि पाना घेऊन समोर उभे. जावयाला नको म्हणायची त्यांच्या घराण्यात रीतच नव्हती.

“करा की! तुमच्या हाताला काय, गुणच हाय,” म्हणत गणपतरावांनी तोंड फिरवलं.

चेन बसली, पण पायडल मारलं की खाडकन घसरायची. “मागल्या चाकाच्या फ्रीव्हीलचं दातं झिजल्यात, मामा. नव्या चेनला फ्रीव्हील बी नवंच पायजे.” नवं आणलं, तर जुनं निघेना. छिन्नी आली, पाठोपाठ हातोडा आला. एक घाव निसटला आणि चाकाच्या चार आऱ्या वाकल्या.

“आई गं! लई लागलं का?” गणपतराव कळवळले.

“मला? न्हाय की.”

“तुमास्नी न्हाय वो...” गणपतरावांनी जीभ चावली. “म्हंजे, तुमास्नीच इचारलं.”

संध्याकाळी सायकल एकदाची उभी राहिली. चाक डुलत होतं आणि पायडल दर फेऱ्याला कुरकुरत होतं.

“कशी झाली?”

“एक नंबर! रंकाळ्याला चक्कर मारून येतो,” म्हणत गणपतरावांनी ती ढकलत बाहेर काढली आणि कोपऱ्यावरून वळून थेट सायकलचं दुकान गाठलं.

“पावणं, ट्रकखाली गेलती व्हय?” दुकानदाराने विचारलं.

“तसंच समजा. पर कुटं बोलू नगा.”

दुकानदाराने सगळं खोलून नीट बसवून दिलं. येताना सायकल अशी पळाली, की गणपतराव गुडघेदुखी विसरले. दारात विजयसिंहांनी स्वतः एक फेरी मारली. ना घसरणं, ना कुरकुर. ते आपल्याच हातांकडे बघत राहिले.

“अवंतिका, बघितलंस? आन् लोकं दुकानात देत्यात!”

लेकीचा चेहरा नवऱ्याच्या कौतुकाने असा फुलला, की गणपतरावांनी खरं काय ते कायमचं गिळून टाकलं. आपल्या शहाणपणावर तेही मनातून खूश झाले.

“मामा, रविवारी मुरगूडला येतोय. तुमचा ट्रॅक्टर लई धूर सोडतोय, इंजिनच खोलू या!”

गणपतरावांनी सायकल घाईने भिंतीला टेकवली. “ट्रॅक्टर व्हय? त्यो इकला की.”

“इकला? कधी वो, आबा?” अवंतिका चकित झाली.

“उद्या,” गणपतराव म्हणाले.