नाय परवडत, सायब!

जर्मनीत मराठी कुणाला कळतंय, या एका भरवशावर उमानं पहिल्याच आठवड्यात ठोकून दिलं, "माझे वडील गवई आहेत!"

साल सत्त्याऐंशी. शिष्यवृत्तीवर वर्षभर तिकडच्या शाळेत गेलेली अंबरनाथची सोळा वर्षांची मुलगी. वर्गात एकीचे वडील वैमानिक, दुसरीचे दंतवैद्य. आपले अण्णा कारखान्यात रंगाचे डबे तपासतात, हे सांगायला तिची जीभच रेटेना.

आणि अण्णांची कॅसेट आली! पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असे आणि नेमकी शुक्रवारीच लाइट जाई; त्याच्या आत ते खिडकीशी बसून टेपरेकॉर्डरवर भराभरा बोलून घेत.

"वडिलांचं गाणं?" संगीताच्या केलरबाई हरखल्या. "लाव, लाव!"

उमानं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

"गयाबाई, ही मेथी आहे की गवत?"

"सकाली वांगणीच्या मळ्यातनं तोडलीय, सायब!"

"दोन जुड्या घेतो. कमी कर."

"नाय परवडत, सायब!"

"कर गं!"

"नाय परवडत!"

खिडकीशी आलेल्या भाजीवालीशी अण्णांनी केलेली घासाघीस तशीच टेप झाली होती! केलरबाईंनी मात्र डोळे मिटून घेतले होते. "तो विनवतो, ती नाकारते! केवढी आर्त प्रेमकथा! हे आपण स्नेहसंमेलनात बसवायचं!"

आता खरं बोलावं तर अण्णांचं गवईपण जाणार आणि उमा खोटारडी ठरणार. उमानं मान डोलावली. एवढंच नाही, तीन आठवडे तिनं गोऱ्या पोरांकडून उच्चार घोटून घेतले!

संमेलनाच्या दिवशी पडदा वर गेला. वीस मुलगे हात पसरून "कर गंऽऽ!" आणि वीस मुली मान फिरवून "नाय परवडत!" उमानं खाली पाहिलं, तर पहिल्या रांगेत चक्क एक मराठी चेहरा! केलरबाईंनी खास तिच्यासाठी शोधून आणलेले, मूळचे कल्याणचे डॉक्टर बापट. रुमाल तोंडाशी, खांदे गदागदा हलताहेत!

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टर सरळ तिच्याकडेच आले. शेजारी केलरबाई. आता संपलं सगळं!

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि हळूच मराठीत विचारलं, "शेवटी दिली का गं मेथी?"

"दिली. वर कोथिंबीरसुद्धा."

"छान!" मग केलरबाईंकडे वळून ते जर्मनमध्ये गंभीरपणे म्हणाले, "हिच्या वडिलांचा आवाज फार मोठा आहे."

उमानं हे सगळं घरी कळवलं. अण्णा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट दुसरी कॅसेट पाठवली, या वेळी गयाबाईंना मुद्दाम घरात बसवून.

परवा, अण्णांचे दिवस झाल्यावर, त्यांचा आवाज ऐकावा म्हणून उमानं ती शोधून लावली. पंचवीस मिनिटं गयाबाईच बोलत होत्या. मध्ये फक्त अण्णांचं "हं, हं." मग एकदाचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"उमे, आता मी तुझ्यासाठी खास..."

आणि खट्!

शुक्रवार होता.